सॉसच्या बाटलीतली काकवी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

परवा इतिहासाच्या तासाला सर कौटिल्याचे अर्थशास्त्र शिकवीत होते. राजाच्या कोठारात काय काय असावे, याची यादी चालली होती. धान्य झाले, तेल-तूप झाले आणि मग सरांनी फळ्यावर एकाखाली एक पाच शब्द लिहिले : फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. उसाच्या रसापासून होणारे हे पाच पदार्थ. गूळ कळला, साखर कळली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, फाणित म्हणजे काय?"

"फाणित म्हणजे आपली काकवी," सर म्हणाले आणि खडू ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारले, "काकवी खाल्ली आहे का तुमच्यापैकी कोणी?"

वर्गात थोडी खसखस पिकली. दोन-तीन हात वर झाले. माझा हात काही वर गेला नाही.

वाचकहो, ज्याच्या आज्याने उभी हयात काकवी केली, त्या नातवाचा हात बाकावरच राहिला! तास संपला, मुले कँटीनकडे गेली, पण माझे मन त्या पाच शब्दांतल्या पहिल्याच शब्दापाशी अडकून पडले. त्या दिवशी जे सांगायला हवे होते, ते आज या पानावर सांगतो.

माझे गाव गोरेगाव. मुंबईचे नव्हे, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते! आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. आज आमच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन, तूर आणि हळद. पण मी लहान असताना गावाबाहेरच्या एका मळ्यात गुऱ्हाळ चाले. मळा दुसऱ्याचा, विहीर दुसऱ्याची, ऊस दुसऱ्याचा, चरकही दुसऱ्याचाच. गुळवा तेवढा आमच्या घरचा. ते माझे आबा.

आबा काही जन्माचे गुळवे नव्हेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो माणसांप्रमाणे तेही घराबाहेर पडले. काही दिवस सरकारी कामावर खडी फोडली. मग कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. फिरत फिरत कोल्हापूरकडे पोचले. तिथल्या एका गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला माणूस हवा होता. आबा राहिले. चार हंगाम त्यांनी नुसता जाळ घातला आणि जाळ घालता घालता वर काहिलीत काय चालले आहे ते पाहिले. "शिकवलं कोणीच न्हाई. चोरून शिकलो," असे ते अजूनही सांगतात. चोरी कबूल करताना त्यांचा चेहरा असा काही खुलतो की, परीक्षेत पहिला आलेला मुलगाही तसा खुलत नसेल.

दिवाळी सरली की गुऱ्हाळ सुरू होई. पहाटेच चरकाची घरघर कानावर येई. रस मोठ्या लोखंडी काहिलीत पडे. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे धडधडत. रस तापू लागला की आबा त्यात चुन्याची निवळी सोडीत, रानभेंडीचे झाड ठेचून काढलेला चिकट रस घालीत. मग उसातला सारा मळ फेसाबरोबर वर येई आणि तो झाऱ्याने काढून टाकावा लागे. त्यानंतर नुसती वाट पाहायची. हिरवट रस पिवळा होई, पिवळ्याचा तांबूस आणि तांबसाचा तपकिरी. मोठाले बुडबुडे येऊन फुटू लागले की, आम्ही पोरे घरून आणलेले तांबे-वाट्या सरसावून बसत असू.

कारण तीच काकवीची वेळ! गूळ व्हायच्या थोडी अगोदर. पुढे मी पुस्तकात वाचले की, काकवी साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवतात आणि गूळ ११६ ते ११८ अंशांना. म्हणजे दहा-बारा अंशांचा खेळ. आबांनी थर्मामीटर फक्त दवाखान्यात, काखेत धरलेला पाहिला होता. गुळासाठी ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकीत, त्याची गोळी वळून काहिलीच्या काठावर आपटीत आणि कान देऊन आवाज ऐकत. पण काकवीची परीक्षा त्याहून अवघड. "गूळ बोलतो, काकवी बोलत न्हाई. तिला नुसतं डोळ्यानं वळखावं लागतं," असे ते म्हणत. उलथण्याच्या कडेवरून ओघळणारा थेंब तुटायच्या आधी किती लांबतो, तेवढेच ते पाहत.

शंभर किलो उसापासून दहा-बारा किलो गूळ निघतो. गुळाच्या ढेपा मालकाच्या, त्या बाजाराला जात. काकवी मात्र विकायची नसे. पहिल्या आधणातली काकवी कामावरच्या बाया-माणसांना आणि पोरांना मिळे. तिला ना नाव होते, ना लेबल, ना भाव. ज्वारीच्या गरम भाकरीचा काला करायचा, त्यावर काकवीची धार धरायची आणि वरून मूठभर भाजलेले शेंगदाणे. गोडाच्या मागून किंचित कडसर, धुरकट अशी एक चव जिभेवर रेंगाळे. थंडीत ती काकवी इतकी घट्ट होई की, बाटली उलटी धरून एखादी गोष्ट सांगून होईपर्यंत पहिला थेंब पडत नसे.

पण मित्रांनो, आठवणींत सारे गोडच दिसते म्हणून एक गोष्ट येथे लिहून ठेवतो. आबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले आहेत. उकळता पाक उडाला की तो कातडीला चिकटतो, पुसता येत नाही. आजी आणि माय दिवसभर चिपाडे पसरून वाळवीत, त्यांच्या बोटांना बारीक चिरा पडत आणि रात्री त्या चिरांत काकवीच भरीत. गुऱ्हाळाचा वास अर्ध्या गावाला येई आणि तो अजून अनेकांना आठवतो. ज्यांनी चुलवाणाजवळ बसून धूर गिळला, त्यांना तो वास आठवायला मुद्दाम बसावे लागत नाही. त्यांच्या खोकल्यात तो आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२२ साली मी अकरावीला हिंगोलीला आलो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. खोली करून आम्ही चौघे राहत होतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागले आणि मायने एका येणाऱ्याच्या हाती काकवी धाडली. गावातल्या हॉटेलातून टोमॅटो सॉसची रिकामी बाटली मागून आणलेली, तिचे लेबल अर्धे निघालेले आणि आत काठोकाठ काकवी. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद आणि वर दोरा.

एका रविवारी खोलीत समोसे आणले होते. एका मित्राने माझ्या फळीवरची बाटली पाहिली आणि सॉस समजून समोशावर उलटी धरली. बराच वेळ काही पडेना. मग एकदम भळकन पडले! त्याने घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "अरे, हा कुठला सॉस? काळा पडलाय पार!" दुसरा म्हणाला, "गावठी सॉस असेल." सगळे हसले. त्यांच्या हसण्यात विशेष काही नव्हते. चार पोरे एका खोलीत असली की हसतातच. मी एवढेच म्हणायचे होते की, ही काकवी आहे, माझ्या आबांनी केली आहे, भाकरीबरोबर खाऊन पाहा.

मी म्हणालो, "खराब झालाय तो. फेकायचाच आहे."

एकदा तोंडातून गेल्यावर तो शब्द खरा करून दाखवणे भाग होते. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाटली मोरीत उपडी धरली. थंडीचे दिवस, काकवी काही केल्या वाहीना. शेवटी स्टोव्हवर पाणी तापवून बाटलीत घातले, हलवले, पुन्हा घातले. आबांनी दोन-अडीच तास जाळ घालून जे पाणी उसातून काढले होते, तेच मी तांब्या-तांब्याने परत घालीत होतो! सकाळी मोरीपासून दारापर्यंत मुंग्यांची लांबच लांब रांग लागली होती. त्यांना काही लाज वाटली नाही.

त्यानंतर होळीला घरी गेलो तेव्हा कळले की, मालकाने गुऱ्हाळ बंद केले. ऊस मोडला, त्या जागी हळद घ्यायची ठरले. चरक भंगारात गेला. काहील मात्र वाचली. हळद शिजवायला ती कामाची म्हणून एकाने विकत नेली. म्हणजे माझ्या मोरीतून वाहून गेली ती आबांच्या हातची शेवटची काकवी होती.

असे का झाले, याची कारणे पुष्कळ आहेत. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर महाराष्ट्रभर ऊस कारखान्याच्या वाटेला लागला. रेशनवर साखर मिळू लागली, तशी चहातून गुळाची हकालपट्टी झाली. आमच्याकडे सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारे पीक सोडून वर्षभर विहीर उपसायला लावणारा ऊस कोण लावील? जाळ घालायला माणसे मिळेनात. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे रंग. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो. आबांचा गूळ तपकिरी. आडतीत ढेप ठेवली की, चव न घेताच "काळा आहे" म्हणून भाव पाडला जाई. गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रोसची पावडर टाकतात, हे आबांना ठाऊक होते. "उसाचा रंग उसाला ठाऊक. म्या कामून बदलू?" असे ते म्हणत. म्हणत आणि कमी भाव घेऊन परत येत.

फाणित या शब्दाचा माग घेता घेता ग्रंथालयात मला आणखी दोन गोष्टी सापडल्या. पाली विनयपिटकात आजारी भिक्खूंना चालतील अशी पाच औषधे सांगितली आहेत : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. म्हणजे आम्ही पोरे वाटीतून चाटत होतो ती वस्तू बुद्धाच्या भिक्खुसंघालाही माहीत होती. दुसरी गोष्ट दूर लंडनची. तिथल्या प्लेस्टो भागात अब्राम लायल यांचा साखरेचा कारखाना होता. साखर शुद्ध करताना उरणाऱ्या पाकापासून १८८३ मध्ये तिथे एक गोड पाक बनवू लागले. आरंभी तो लाकडी पिंपातून कारखान्याच्या कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाच विकत. तोच पुढे 'गोल्डन सिरप' म्हणून डब्यातून जगभर गेला. १८८५ पासून त्या डब्याचे रूप जवळजवळ बदलले नाही, म्हणून २००६ साली त्याची गिनेस बुकात नोंद झाली. कामगारांनी खाल्लेला पाक तिकडेही होता आणि इकडेही होता. तिकडच्या पाकाला सोनेरी डबा मिळाला. आमच्या काकवीला दुसऱ्याच्या सॉसची बाटली मिळाली आणि तीही तिच्या स्वतःच्या माणसाने मोरीत उपडी केली.

काकवी जगातून नाहीशी झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोठ्या शहरांत 'सेंद्रिय काकवी' या नावाने सुबक बाटल्या विकायला असतात. फाणिताचे काही बिघडले नाही. बिघडले ते आमच्या मळ्याचे. साखर, सोयाबीन, विहिरीचे पाणी, आडतीतला भाव अशी कारणे एकाखाली एक मांडीत गेलो की, शेवटी एक ओळ उरतेच, आणि ती माझ्या नावाची असते. कोणी हुकूम काढून काकवी बंद केली नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी थोडीथोडी नाकारली. काहींनी परवडत नाही म्हणून, काहींनी लाज वाटली म्हणून. शिक्षणाने मला फाणित हा शब्द दिला, याबद्दल मी ऋणीच आहे. पण शिकायला निघालो तेव्हा पहिली वस्तू टाकली तीही तीच होती.

या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून आबांना सारे सांगितले. अंगणात बाजेवर बसले होते. समोसा सांगितला, मोरी सांगितली, गरम पाणीही सांगितले. ते बराच वेळ हातावरचे डाग चोळीत राहिले. मला वाटले, आता रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

"थंडीत काकवी बाटलीतून निघत नसती," आबा म्हणाले. "बाटली जरा उन्हात ठेवायची असती. सांगितलं न्हवतं का तुह्या मायनं?"

मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाटली कुठाय? फेकली का?"

बाटली मी फेकली नव्हती. का कोण जाणे, तीन वर्षे खोल्या बदलल्या तरी ती माझ्याबरोबर फिरते आहे. तिच्यात मी पाणी भरून ठेवतो. कितीही धुतले तरी झाकणाच्या आट्यांत बोट फिरवले की अजून जरासे चिकट लागते.

"हाय," मी म्हणालो.

"मग घेऊन ये पुढच्या बारीला," आबा म्हणाले, "बाटली चांगली हाय."