‘पासून’चे इंग्रजी

कारखान्यात नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. रजेचा अर्ज इंग्रजीतच द्यावा लागे. ताप आला म्हणून आम्ही लिहिले, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स फोर डेज.’ हेडक्लार्कने तो अर्ज सगळ्या खात्यात मोठ्याने वाचला आणि ‘सिन्स’भोवती लाल शाईने गोल करून परत दिला. काय चुकले ते मात्र सांगितले नाही. त्यानंतर आम्ही रजेचे अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतले, ते थेट निवृत्तीपर्यंत.

यंदा आमच्या मुलीला एका दवाखान्याच्या ऑफिसात अर्ज करायचा होता. बी.कॉम. झालेली पोर, पण कागद पुढे घेऊन रडकुंडीला आली. “पप्पा, माझं इंग्लिश चुकतंय. मी अर्जच देत नाही.” मोबाईलवर तिने लिहिले होते, पण मोबाईलने एकाही वाक्याखाली रेघ ओढली नव्हती. मग चूक शोधायची कशी?

तिची आई सातवी शिकलेली. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “मराठीत काय म्हणायचं होतं गं तुला?” आम्ही तेच धरले.

‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स.’ मनात होते, ‘मला दोन वर्षांचा अनुभव आहे.’ त्या ‘आहे’साठी हाताने ‘ॲम’ लिहिले. पण अनुभव ही काही चाललेली क्रिया नव्हे, म्हणून ‘आय हॅव’ एवढे पुरे. ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण जेवण चालू आहे.

‘आय डिड नॉट लेफ्ट द जॉब.’ मराठीत ‘सोडली नाही’ म्हणताना भूतकाळ ‘सोडली’मध्ये असतो. इंग्रजीत तो ओझे उचलल्यासारखा ‘डिड’ उचलतो, मग मागचे क्रियापद मोकळे: ‘डिड नॉट लीव्ह’. दोघांच्या डोक्यावर एकच पाटी कशाला?

‘वन ऑफ माय टीचर’ हे मात्र मराठीनेच दुरुस्त केले. आपण ‘शिक्षकांपैकी एक’ म्हणतो, ‘शिक्षकपैकी एक’ म्हणत नाही. म्हणून ‘टीचर्स’. त्यापुढचे क्रियापद मात्र त्या ‘एक’ला धरून, म्हणजे ‘हॅज’, ‘हॅव’ नव्हे.

‘ॲन युनिव्हर्सिटी’वर आम्ही बराच वेळ अडलो. शाळेत शिकलो होतो की ए, ई, आय, ओ, यू आले की ‘ॲन’. मुलीने तो शब्द देवनागरीत लिहून पाहिला आणि हसली. सुरुवात ‘य’ने होते! कानाला स्वर लागला तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’. तसेच ‘अवर’ म्हणजे तास. इंग्रजीत पहिले अक्षर एच असले तरी तो ‘अ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ज्यांना देवनागरी वाचता येते त्यांना ही खूण फुकट मिळालेली आहे.

‘डिस्कस’पुढचा ‘अबाऊट’ खोडला. ‘कझिन ब्रदर’वर वाद झाला. अर्जात तो शब्द नव्हता, बोलण्यात निघाला. इंग्रजीत चुलतभाऊ, मामेबहीण सगळे नुसते कझिन. ऑफिसच्या कागदावर तसेच लिहावे. घरी खुशाल ‘कझिन ब्रदर’ म्हणावे, आमची काही हरकत नाही.

शेवटी तिने लिहिलेले वाक्य आले, ‘आय ॲम लर्निंग कॉम्प्युटर सिन्स सिक्स मन्थ्स.’ तोच तो ‘सिन्स’! आम्ही चपापलो. सोमवारपासून, चार दिवसांपासून, दोन्हीकडे आपले एकच ‘पासून’. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा दिवस सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, आणि किती काळ ते मोजायचे तर ‘फॉर फोर डेज’. शिवाय तेव्हा सुरू झाले आणि अजून चालू आहे, म्हणून ‘ॲम’च्या जागी ‘हॅव बीन’. एवढेच होते. हेडक्लार्कला सांगायला अर्धा मिनिट लागला असता.

“मग तुमचं ते तापाचं वाक्य कसं होईल?” मुलीच्या आईने विचारले. आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवले, ‘आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीवर फॉर फोर डेज.’ मुलीने तपासले, बरोबर होते.

तिचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. उत्तराची वाट पाहतो आहोत.