ओरखडा असलेले भिंग

अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची गर्दी मागे टाकून तांबड्या जोगेश्वरीच्या बाजूने पुढे गेले, की बुधवार पेठेचा दुसरा व्यापार सुरू होतो. तपकीर गल्लीत तारा, दिवे, ध्वनिवर्धक आणि सुट्या भागांची रास. त्याच परिसरातील एका लहान दुकानात कॅमेऱ्याचे वापरलेले भिंग पाहण्यास मी गेले होते.

निमित्त घरचे होते. आजीने पेन्सिलीने उतरवून ठेवलेल्या स्तवनांच्या दोन वह्या आता इतक्या जीर्ण झाल्या आहेत, की त्या स्कॅनरवर दाबण्याचे धाडस होत नाही. वरून छायाचित्रे घ्यावयाची, तर चांगले भिंग हवे. आणि नवे परवडणारे नव्हते.

दुकानदाराने ५० मिलिमीटरचे भिंग पुढे ठेवले. कडेचा रंग उडालेला, समोरच्या काचेवर केसासारखा ओरखडा. “ताई, फोटोत दिसायचा नाही,” तो म्हणाला. बोलणे बरेचसे खरे होते. समोरच्या काचेच्या प्रत्येक भागातून आलेला प्रकाश मिळूनच चित्र घडते. ओरखड्याची वेगळी प्रतिमा उमटत नाही, थोडासा प्रकाश तेवढा विखुरतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र घेऊ नये. तो त्रास देतो.

मला खरी धास्ती बुरशीची होती. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातील भिंगांत ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. साफ करून देणारे कारागीर आहेत. परंतु बुरशीत अनंत जीव मानणाऱ्या घरातून आलेल्या मला ‘ती पुसून द्या’ असे सांगणे जमले नसते. मागून टॉर्च लावून भिंग फिरवून पाहिले. धुळीचे दोन-चार कण, बाकी स्वच्छ. ॲपर्चरची पातीही कोरडी होती.

मग भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ छायाचित्र घेतले. ॲपर्चर पूर्ण उघडे असता चारही कोपरे सारखेच किंचित मऊ. ८ वर आणताच अक्षरे कडेपर्यंत रेखीव. एकच कोपरा बिघडलेला असता, तर आतली काच सरकली आहे असे समजून मी परत फिरले असते. शेवटी दुकानातला दिवा चौकटीच्या कडेला घेतला, आणि ओरखड्याने आपले अस्तित्व दाखविले: चित्रावर दुधाळ पडदा आला. हाताची सावली धरताच तो गेला. वहीवर प्रकाश बाजूने पडणार, तेव्हा एवढे चालणार होते.

पिशवीत वहीचे एक सुटे पान होते. ते काउंटरवर ठेवून टॉर्च बाजूने आडवा धरला. आजी चौथीपर्यंतच शिकली. याच पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली होती, याची तिला कल्पना असेल की नाही, कोण जाणे. पडद्यावर अक्षर मोठे केले. एका ओळीत तिने शब्द खोडून नवा लिहिला होता. खोडलेल्या शब्दाचा दाब कागदात तसाच राहिला होता, आणि तो वाचता येत होता.

भाव ठरला. दुकानदाराने सोबत चामड्याची पेटी देऊ केली. ती मी परत केली. त्याने काही न विचारता भिंग मऊ फडक्यात गुंडाळून दिले आणि शंभर रुपये कमी घेतले.