आधी पाणी, मग सुई

शिंप्याकडे ब्लाऊज टाकायला गेलं की माप घेण्याआधी एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, अस्तर भिजवून आणलंय ना?" साडीला फॉल लावून देणारी बाईही हेच विचारते. कोरा सुती फॉल तसाच लावला तर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो, साडी मात्र आटत नाही. मग निऱ्यांखालचा काठ चुरमडून वर उचलला जातो आणि कितीही इस्त्री फिरवली तरी खाली बसत नाही. दोन कापडं टाक्याने एकत्र आली, की एकाचं आटणं दुसऱ्याला भोगावं लागतं. फॉलमध्ये निदान दोनच कापडं असतात. गोधडीत पन्नास असू शकतात, आणि त्यातलं प्रत्येक वेगळ्या मागावरून, वेगळ्या ताणातून आलेलं असतं.

दुकानातून नवं कापड आणून, चौकोन-त्रिकोण कापून हौसेने गोधडी शिवणाऱ्यांमध्ये एक वाद कधी मिटत नाही: कापड आधी धुवायचं की तसंच कापायचं? माझ्या मनात याबद्दल संदेह नाही. धुवायचं.

आपल्याकडच्या जुन्या गोधडीला हा प्रश्न पडलाच नव्हता. तिच्यात येणारं लुगडं आधी सणावारी नेसलेलं असे, मग रोजचं झालेलं असे, मग फाटल्यावर दंड घालून पुन्हा नेसलेलं असे. नदीच्या दगडावर, विहिरीच्या काठावर, पावसाळ्यात चुलीच्या धगीला वाळत वाळत त्याची वर्षं गेलेली असत. धोतरांचंही तसंच. गोधडीत पोहोचेपर्यंत त्या कापडाने आटायचं तेवढं आटून घेतलेलं असे, सोडायचा तेवढा रंग सोडलेला असे. उरलेला फिका जांभळा, उरलेला विटका हिरवा आता कुठेही जाणार नसे. अशा कापडावर धावदोरा घालणाऱ्या बाईला पुढच्या धुण्याची धास्ती नसायची. सीमेपलीकडे उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंद नावाची गोधडी शिवतात, तीही घरातल्या वापरलेल्या कपड्यांचीच. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून 'फुलं' लावतात. त्याशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सगळ्यांचा पाया जुनं धुतलेलं कापडच. आपण नवं कापड वापरायला लागलो आणि कापडाची ती वर्षं आपल्या हातून निसटली. बादलीतलं एक धुणं म्हणजे त्या वर्षांचा निदान काही अंश परत देणं आहे, असं मला वाटतं.

कापड का आटतं, हे मागाकडे पाहिलं की कळतं. उभे धागे तुटू नयेत म्हणून आधी त्यांची पांजणी होते, म्हणजे खळ लावून त्यांना ताठ करतात. मग ते मागावर करकचून ताणले जातात. विणलेलं कापड त्या ताणातच घडी होऊन दुकानात येतं. पहिल्यांदा पाणी मिळालं की सूत फुगतं, फुगलेल्या धाग्याला आडव्या धाग्यावरून वळून जायला जास्त लांबी लागते, आणि कापड आखडतं. ताण जास्त करून उभ्या धाग्यांनी सोसलेला असतो, म्हणून आटणंही बहुधा लांबीकडेच जास्त. साध्या सुती कापडात हे आटणं शेकडा तीन ते पाच असणं अगदी नेहमीचं. शेकडा चार धरलं तरी नव्वद इंची गोधडीची साडेतीन इंचांहून अधिक लांबी जाते. पाय उघडे पडायला एवढं पुरतं.

गिरण्यांनी यावर उपाय काढला. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉलर-शर्टांच्या कंपनीतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड दमट करून, लवचीक पट्ट्यावर दाबून आधीच आखडवण्याची रीत बसवली. 1930 साली तिचं पेटंट झालं. सॅन्फोराइज्ड हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. असं कापड शेकडा एकाहून कमी आटतं. पण गोधडीसाठी आपण हौसेने उचलतो ती खादी, हातमागाचं कापड, मांजरपाट बहुधा या यंत्रातून गेलेली नसतात.

आणि रंग. नव्या लाल कापडाची पांढऱ्याशी सोयरीक करणं हे गोधडीतलं सर्वात मोठं धाडस. आपल्या घरांत अजून लाल ओढणी मिठाच्या पाण्यात बुडवतात, कुणी व्हिनेगर घालतं. मनापासून सांगते, याने रंग पक्का होत नाही. आजचे बहुतेक सुती रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले असतात. जो पाण्यात उतरतो तो जोडला न गेलेला, नुसता अडकून बसलेला रंग. त्याला मिठाने धरून ठेवायचं नाही, गरम पाण्याने हाकलून द्यायचं. निळीची गोष्ट वेगळी: ती धाग्याशी बांधली जात नाही, सुताला धरून बसते, म्हणून घासली की सुटते. जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती याचमुळे. कच्छचं अजरख पाहा, त्याची सुरुवातच कोरं कापड धुण्याने होते आणि पुढेही ठसे, रंग आणि पाणी यांची आवर्तनं चालू राहतात. ज्यांनी रंगात जन्म घालवला त्यांचा पाण्यावर एवढा भर आहे, हे मला फार बोलकं वाटतं. खात्री करायची तर कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवावा आणि गरम इस्त्री दाबावी. रुमाल खोटं बोलत नाही.

न धुणाऱ्यांच्या बाजूलाही तथ्य आहे. खळ असलेलं कापड कात्रीखाली शहाण्यासारखं राहतं. बारीक त्रिकोणाची टोकं नेमकी जुळतात. धुतल्यावर कडांना दशा सुटतात, त्यांचा गुंता होतो. कापून विकत मिळणाऱ्या अरुंद पट्ट्या धुवायला टाकणं म्हणजे त्यांची चिंधी करणं. भिंतीवर टांगायची, कधीच न धुवायची नक्षी असेल तर मीही आग्रह धरणार नाही. शिवून झाल्यावर धुतली की सगळी गोधडी एकदम आखडते आणि अंगभर सुरकुत्या येतात, त्या जुनेपणासाठी काहीजण मुद्दाम कोरं कापड शिवतात. ते रूप मलाही मोहवतं. मात्र आपल्या गोधडीवरच्या लाटा आटण्यातून आलेल्या नाहीत, त्या हाताने ओढलेल्या दोऱ्याच्या आहेत. धुतलेल्या कापडावरही धावदोरा घाला, त्या येतातच. आणि कापताना कडकपणा हवाच असेल तर धुतल्यावर कांजी लावून इस्त्री करता येते.

बाळाच्या दुपट्याबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. नव्या कापडावर खळ असते, सुरकुती न पडणाऱ्या कापडावर अनेकदा फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनचा लेप असतो. दुपटं आजीच्या लुगड्याचं करायची रीत मायेची होतीच, ती शहाणपणाचीही होती.

अलाबामातल्या जीज् बेंड गावच्या मिझूरी पेटवे यांनी 1942 साली, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतावरच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. उन्हाने आणि धुण्याने विटलेलं ते कापड आणखी कशालाच बधणार नव्हतं. असंच काम आता आपल्याकडेही बायकांकडे येतं. गेलेल्या आईच्या साड्या घेऊन मुली येतात, भावंडांना एकेक गोधडी हवी असते, आणि पाठीला नवं मांजरपाट आणलेलं असतं. शिवणाऱ्या बाईने इथे अडून बसावं. जुनी साडी आता आटत नाही आणि तिच्या सुतात जोरही उरलेला नसतो. पाठ कोरी राहिली तर पहिल्या धुण्यात ती आखडेल, टाके साडीला ओढतील, आणि साडी टाक्यांच्या रांगेतच उसवत जाईल. ते ठिगळ लावायला तशी साडी पुन्हा मिळायची नाही. म्हणून मांजरपाट रात्रभर भिजवा, गरम पाण्यात दोनदा धुवा, सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा, आणि मगच मोजून कापा.