गाव खाणारी खाण

लोखंडाची खाण म्हटलं की आपल्याला गोव्यातली लाल धूळ आणि लालेलाल ट्रक आठवतात. स्वीडनमध्ये, ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या किरुनात मात्र सगळा मामला काळा! इथलं खनिज मॅग्नेटाइट. दगडाला फ्रिजवरचं मॅग्नेट लावा, चक्क चिकटतं.

खाणीत उतरायला पिंजऱ्यासारखी लिफ्ट असेल असं वाटलं होतं. छे! आमची टुरिस्ट बसच बोगद्यात शिरली आणि वळणं घेत खाली निघाली. डोक्यावर हेल्मेट, अंगावर जॅकेट, आणि पोहोचलो ५४० मीटरच्या पातळीवर. (हा आकडा डोंगराच्या मूळ माथ्यापासूनचा. तो माथा कधीच खणून संपलाय.) इथे म्युझियम आहे, जुनी यंत्रं आहेत, फिल्म आहे. खरं काम चालतं आणखी खाली, १३६५ मीटरच्या पातळीवर. तिथे विनाड्रायव्हर गाड्या खनिज वाहतात आणि त्यांना चालवणारे लोक स्क्रीनसमोर बसलेले. म्हणजे थोडक्यात, तुमच्या-आमच्यासारखाच डेस्क जॉब!

खनिजाचा पट्टा सुमारे चार किलोमीटर लांब आणि तिरपा, थेट गावाच्या पोटाखाली घुसलेला. रोज रात्री सुरुंग लावून खनिज फोडतात, ते काढलं की वरचा खडक आपोआप ढासळून पोकळी भरतो. पद्धत एकदम स्मार्ट. फक्त त्या ढासळण्याच्या भेगा हळूहळू जमिनीवर येतात, गावाच्या दिशेने. २००४मध्ये कंपनीने सांगून टाकलं, गाव हलवावं लागेल.

आणि गाव हललं! तीनेक किलोमीटर पूर्वेला नवं सेंटर उभं राहिलं, २०२२मध्ये त्याचं उद्घाटन झालं. टाउन हॉलचा जुना घड्याळाचा मनोरा आता नव्या इमारतीच्या शेजारी उभा आहे. १९१२ सालचं लाकडी चर्च तर ऑगस्ट २०२५मध्ये अख्खंच्या अख्खं ट्रेलरवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. ६७२ टन वजन!

हे सगळं ऐकताना मी गाईड मुलीला विचारलंच, ‘तुला राग नाही येत?’ ती म्हणाली, ‘आजीचं घर पाडलं तेव्हा खूप रडले. पण खाण नसती तर आजी इथे आलीच नसती.’

मुद्दा खरा आहे. कंपनी १८९०ची, गाव १९००चं. पण त्याही आधीपासून इथे सामी लोक रेनडियर चारत होते. त्यांच्या चराईच्या वाटा खाणीने, रेल्वेने आणि आता नव्या गावाने तुकड्या-तुकड्यांत अडवल्यात. म्युझियममध्ये यंत्रांपुढे रेंगाळलात तेवढंच याबद्दलही गाईडला विचारा, आपणहून फारसं कुणी सांगत नाही.

जायचंय? स्टॉकहोमहून विमानाने दीडेक तास, नाहीतर रात्रभराची ट्रेन. माझं मत ट्रेनला. आणि खाणीतून वर आल्यावर लगेच हॉटेल गाठू नका, आधी जुन्या गावाच्या जागेवर चक्कर मारा. कुंपणापलीकडे, घरं होती तिथे आता मोकळं मैदान दिसतं.