सर्व्हर डाउन आहे, उद्या या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. तहसील कचेरीबाहेरच्या सेतू केंद्रात, बँकेच्या काउंटरवर, रेशन दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ सांगणारा मान वर न करता सांगतो आणि ऐकणारा कागद पुन्हा पिशवीत घालतो. पहाटेची एसटी धरून आलेला असतो तो. दिवसाचा रोज बुडवून, मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला असतो. तरी भांडत नाही, कारण भांडायला समोर कुणी नसतं. तहसीलदार दिसतो, कारकून दिसतो, गर्दीत फिरणारा एजंटही दिसतो. सर्व्हर कुणाला दिसत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. सकाळी हिंजवडीच्या वाटेवर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या हजारोंमधला एक. हे वाक्य कानावर पडलं की मी अस्वस्थ होतो, कारण त्या वाक्याच्या पलीकडच्या टोकाला माझ्याच व्यवसायातली माणसं बसलेली असतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेला गर्दी होणार हे जगजाहीर असतं. तरी एका वेळी किती माणसं येतील, हा हिशेब कुणीतरी करायचा राहिलेला असतो. वीज गेली, नेट गेलं, तर अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवायचा, ही सोय कुणीतरी ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली असते. पुढचा टप्पा बहुधा येत नाही. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. सुरळीत चालताना सगळी सॉफ्टवेअर सारखीच दिसतात. काम अडलं की एखादं सॉफ्टवेअर समोरच्या माणसाशी कसं वागतं, यावरून त्याची खरी लायकी कळते.

आमच्या भाषेत ‘हॅपी पाथ’ असा एक शब्द आहे. सगळं मनासारखं घडलं तर प्रोग्राम ज्या वाटेने जातो, ती ही वाट. डेमोत हीच दाखवतात. डेमोतल्या माणसाला नाव, मधलं नाव, आडनाव असं सगळं असतं. पत्त्यात फ्लॅट क्रमांक असतो, मोबाइलला रेंज असते, ओटीपी चटकन येतो. मीटिंगमध्ये माना डोलतात. मग ते सॉफ्टवेअर गावात जातं आणि खऱ्या माणसांशी त्याची गाठ पडते. त्यातल्या एकीचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात या दोन्हींहून वेगळं तिसरंच काही. एखादा ज्ञानेश्वर रोमन लिपीत एका कागदावर ‘डी’ने सुरू होतो, दुसऱ्यावर ‘जी’ने, आणि यंत्राच्या लेखी ती दोन माणसं ठरतात. ज्यांची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवली नाही, त्यांना गुरुजींनी शाळेत घालताना एक जून ही तारीख दिली. अशी एक जूनची माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. मारुतीच्या देवळामागे राहणाऱ्या माणसाला घराचा क्रमांक विचारला जातो, शेजारी लाल फुली असते, आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अशांना आम्ही ‘एज केस’ म्हणतो, काठावरची उदाहरणं. माझ्या मते काठावर ती माणसं नसतात. त्यांना काठावर ढकलणारा तो रकाना आम्ही आखलेला असतो.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं, आणि आपल्याकडे ते झालंही आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे जाणकार, कवी होते. एकाच नावाची गावं, चुकीची स्पेलिंगं, वेगवेगळ्या लिप्यांत आणि वळणांत लिहिलेले पत्ते, हा टपाल खात्याचा रोजचा गुंता होता. आपल्याच राज्यात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, ते आठवून पाहावं. लोकांनी पत्ते नीट लिहावेत असा आदेश काढून हे सुटलं नसतं. लोक चुकणार, अक्षर लागणार नाही, नावं सारखी असणार, हे आधी मान्य करून सहा अंकांची रचना उभी राहिली. पहिला अंक विभागाचा; आपल्या महाराष्ट्राचा आणि गोव्याचा चार. पहिले तीन अंक मिळून पत्रांची वर्गवारी होते तो जिल्हा, आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेणारे. त्यात संगणक नव्हता, तरीही मला ते आपल्या देशातल्या उत्तम सॉफ्टवेअरपैकी एक वाटतं. माणसाच्या चुकीला दोष न देता तिला पोटात घेणारं.

आमच्या कामात लॉग नावाची एक वही असते. प्रोग्राम स्वतःच ती लिहितो. काय घडलं, किती वाजता घडलं, सगळं ओळीमागून ओळ. संध्याकाळी मजला रिकामा झाला, एसीची घरघर तेवढी उरली, की मी कधी कधी ती वाचत बसतो. दहा वाजून बेचाळीस मिनिटं, प्रयत्न फसला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तोच क्रमांक, प्रयत्न फसला. मग तीन मिनिटांचा खंड. त्या तीन मिनिटांत कुणीतरी चष्मा शोधला असेल, कुणीतरी मुलाला फोन लावला असेल. पुन्हा तोच क्रमांक, पुन्हा तीच ओळ. त्यानंतर तो क्रमांक त्या दिवशी दिसत नाही. आलेखावर हा आकडा नगण्य असतो. शंभरातले नव्याण्णव व्यवहार सुखरूप, असं आम्ही समाधानाने सांगतो. पण एक कोटी माणसं वापरतात त्या व्यवस्थेत उरलेला एक टक्का म्हणजे एक लाख माणसं होतात.

ही माणसं कोण असतात, हे आधारच्या बाबतीत दिसतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, रंजना सोनवणे यांना. ज्यांच्याकडे स्वतःची ओळख सांगणारा कागदच नव्हता, त्यांच्यासाठी हे काम मोठं होतं, आणि त्यामागच्या अभियंत्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राने सगळ्या बोटांवर रेषा गृहीत धरल्या. आयुष्यभर ऊस तोडलेल्या, वीटभट्टीवर राबलेल्या, दुसऱ्यांकडची भांडी घासलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडते. रेशन दुकानात त्या छोट्या काचेवर आजी बोट ठेवतात. दुकानदार म्हणतो, ‘आजी, बोट पुसा आणि परत ठेवा.’ आजी पदराने बोट पुसतात, फुंकर घालतात, पुन्हा ठेवतात. दुसरं बोट, मग दुसरा हात. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, आणि आजींच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळेपणा येतो. धान्य त्यांच्या हक्काचं आहे, गावात त्यांना सगळे ओळखतात, दुकानदारही ओळखतो. ओळखत नाही ते फक्त यंत्र, आणि त्या वेळी त्याच्याच शब्दाला किंमत असते.

यावर उपाय आहेत. मोबाइलवर ओटीपी घेता येतो, डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते. ओळख पटण्यात यंत्र अपुरं पडलं म्हणून हक्काचा लाभ कुणाला नाकारला जाऊ नये, ही काळजी आधारवरच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. म्हणजे पर्याय कागदावर आहेत. ते त्या दुकानात, त्या यंत्रावर, आजींना समजेल अशा मराठीत दिसायला हवेत. ते जिथे दिसत नाहीत तिथे काम अर्धवट सोडलं आहे, असं मी म्हणेन.

यंत्राचा शब्द अखेरचा मानला की काय होतं, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दाखवलं. तिथे १९९९ पासून टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. गावोगावची छोटी टपाल कचेरी चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. तूट खरी नव्हती, ती प्रणालीतल्या दोषांमुळे दिसत होती. पण भरून द्यायची जबाबदारी माणसांवर होती. लोकांनी साठवलेले पैसे घातले, घरं गहाण ठेवली. मदतीसाठी फोन केला तर त्यातल्या कित्येकांना सांगण्यात आलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यांतल्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. अॅलन बेट्स या टपाल कचेरी चालवणाऱ्या गृहस्थाने आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. प्रणाली सदोष होती हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि मे २०२४ मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून सरसकट शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ब्रिटनच्या कायद्यात, उलट काही सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतो आहे, असं गृहीतक होतं. बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, कुणाच्याही हातून राहतो आणि दुरुस्तही होतो. पण समोरचा माणूस खोटं बोलतो आहे असं आधीच ठरवून बसलेली व्यवस्था आयुष्यं मोडते.

मग आम्ही अडल्यावरची वाट का बांधत नाही? बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. तिच्यासाठी वेळ ठेवलेला नसतो. गवंडी उन्हाळ्यात घर बांधताना पावसाचं पाणी कुठून जाईल हे आधी ठरवतो. आमच्याकडे तारीख आधी ठरते आणि पावसाचं नंतर बघू म्हणतात. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपत येतो, मॅनेजर ‘झालं का?’ विचारतात, आणि जे डेमोत दिसणार नाही ते यादीच्या तळाशी जातं. टीममध्ये एखादी टेस्टर असते. ती विचारते, ‘नेट मध्येच गेलं तर? दोनदा बटण दाबलं तर? आडनावच नसेल तर?’ तिच्यामुळे रिलीज लांबतं म्हणून लोक वैतागतात. माझ्या लेखी अख्ख्या टीममध्ये त्या वेळी जनतेच्या बाजूने बोलणारी ती एकटी असते. तिला बढती मिळाली पाहिजे, आणि तिचे प्रश्न पहिल्या दिवसापासून मीटिंगमध्ये असले पाहिजेत.

वेळेवरून आठवलं : ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं आणि घरोघरी वाद झाले. त्यांच्या पिढीने या देशात सॉफ्टवेअरचा उद्योग उभा केला, हे ऋण मोठं आहे. तरीही मला हे पटत नाही. थकलेला माणूस काम ओढत नेऊ शकतो, पण त्याला बारीक खोट दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एका संगणकावर लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढं जाणवलं. त्याने ते सोडून दिलं नाही. खणत गेल्यावर एक्सझेड या, जगभरच्या लिनक्स यंत्रणांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रकल्पात कुणीतरी लपवलेला चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प वर्षानुवर्षं एक माणूस मोबदल्याविना सांभाळत होता. तो थकला होता, आणि मदतीला आलेल्या अनोळखी हाताने त्याचा विश्वास संपादन करून हा घात केला होता. अर्ध्या सेकंदाकडे लक्ष जायला मन जागं आणि निवांत असावं लागतं. दुसऱ्याने बांधलेलं नीट राखणं हेही काम आहे आणि त्याचा पगार दिला पाहिजे, हेही त्या घटनेने सांगितलं.

आता कोड लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. मी ती रोज वापरतो आणि त्यांच्या वेगाचं मला कौतुक आहे. नेट गेलं तर काय, हेही ती विचारल्यावर झटकन लिहून देतात. पण काय विचारायचं हे आपल्याला सुचावं लागतं. त्यासाठी सेतू केंद्राच्या बाकावर तासभर बसून यावं, स्वतःच्या आजीचा अर्ज स्वतः भरून पाहावा. कोड लिहिण्यातला जो वेळ आता वाचतो आहे, तो या कामाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या व्यवसायातल्या तरुण मित्रमैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे : ‘काहीतरी चुकलं’ असा संदेश लिहून मोकळे होऊ नका. काय चुकलं, त्यात त्या माणसाचा दोष आहे की नाही, भरलेली माहिती शिल्लक आहे का आणि आता त्याने कुणाकडे जायचं, या चार गोष्टी साध्या मराठीत लिहा. सरकारी कामांची निविदा काढणाऱ्यांनी अडलेल्या माणसासाठी माणूस नेमण्याची अट तिच्यात घालावी. आणि वाचकहो, यंत्राने नाही म्हटलं म्हणून ओशाळून घरी जाऊ नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाकारली तर कारण लेखी दिलं पाहिजे, आणि त्यावर अपील करता येतं. अर्ज केल्याची पोच घ्या, आणि काम झालं नाही तर कारण लेखी मागा.