साहेब फार काम करतात

मराठी घेऊन एम. ए. झालेली मुले पुढे काय करतात, हा प्रश्न आम्हां दोघांना दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालकांकडून ऐकावा लागतो. त्याला आता एक अनपेक्षित उत्तर मिळाले आहे. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याच्या एका प्रशिक्षणसंस्थेतर्फे इंडोनेशियात जातो आणि तेथील कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘टीम बिल्डिंग’ची शिबिरे घेतो. (‘संघबांधणी’ हा प्रतिशब्द आम्ही सुचवून पाहिला, तो नुसता हसला.) या व्यवसायातल्या ज्या अडचणी तो आम्हांला कळवतो, त्या बव्हंशी आमच्याच विषयातल्या निघाल्या, म्हणून हे टिपण.

काही अडचणी एका फेरीत शिकता येतात. रमजानात दिवसा मैदानी खेळ ठेवू नयेत, शुक्रवारची दुपार नमाजासाठी मोकळी सोडावी, कोणाच्या डोक्याला हात लावू नये, डाव्या हाताने वस्तू देऊ नये. स्त्रीपुरुषांनी एकमेकांना झेलण्याचे ‘विश्वासाचे’ खेळ पुष्कळांना नको असतात. बिल्ल्यावर नाव आणि आडनाव असे दोन रकाने छापले, तर सुकार्नो-सुहार्तोंप्रमाणे एकच नाव धारण करणाऱ्या जावानी गृहस्थाने दुसऱ्या रकान्यात काय भरावे? असो.

अवघड गोष्ट वेगळी आहे. या खेळांचे मूळ ‘आउटवर्ड बाउंड’ या चळवळीकडे जाते. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९४१ साली, ऐन महायुद्धात, वेल्समधील ॲबरडव्ही येथे तिची पहिली शाळा काढली. जहाज बुडाले तर तरुण खलाशांनी तग धरावा, हा एक हेतू. इंडोनेशियात आज अशा शिबिराला सरसकट ‘आउटबाउंड’ म्हणतात. बुडत्या नावेत कोणी कोणाला साहेब म्हणत बसत नाही, हे गृहीत या खेळांच्या रक्तातच आहे. पण बांडुंगजवळच्या लेंबांगच्या थंड हवेत तीन दिवस काढणारा हिशेबनीस कोणत्याही नावेत नसतो. सोमवारी त्याला त्याच मेजाशी, त्याच साहेबासमोर बसायचे असते.

त्यात भाषा. जावानी भाषेत ‘ङोको’ ही बरोबरीच्यांची बोली आणि ‘क्रामा’ ही अदबीची. हा दुसरा शब्द म्हणजे आपला ‘क्रम’च. (‘ङ’ने सुरू होणारा शब्द आम्ही आयुष्यात प्रथमच लिहीत आहोत.) जेवणे या एका क्रियेलाही पातळीगणिक निराळा शब्द. १९२८च्या युवक-शपथेत ऐक्याची भाषा म्हणून संख्येने सर्वांत मोठ्या अशा जावानी समाजाची भाषा न निवडता मलायवर आधारलेली इंडोनेशियन निवडली गेली, त्यामागे ही उतरंड टाळण्याचाही विचार होता असे मानले जाते. तरी तिच्यातही वरिष्ठाला ‘बापाक’ आणि वरिष्ठ स्त्रीला ‘इबू’ म्हणावेच लागते. म्हणजे वडील आणि आई. अशा ठिकाणी ‘तीन दिवस सर्वांनी एकमेकांना केवळ नावाने हाक मारावी’ असा नियम केला, की माणसे तो निमूट पाळतात आणि हाकच मारीत नाहीत. आम्हांला याचे नवल वाटले नाही. उद्या कोणी आम्हांला प्राचार्यांना अरे-तुरे करण्यास सांगितले, तर आमची क्रियापदे घशातच राहतील.

गंमत अशी की, या खेळांना जे साधायचे आहे त्यासाठी त्या भाषेत शब्द तयार आहे. इंग्रजीला एकच ‘वुई’ पुरतो. इंडोनेशियनमध्ये ऐकणाऱ्याला वगळणारा ‘कामी’ आणि त्याला सामावून घेणारा ‘किता’ असे दोन आहेत. आपले ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अगदी तसेच. (जाकार्ताच्या बोलीत ‘किता’ दोन्हीकडे चालतो, मुंबईचा ‘आपण’ तर एकट्या ‘मी’लाही पुरतो.) पण संस्थेची पुस्तिका इंग्रजीत आहे. तिला हा भेद दिसण्याचा संभवच नाही.

लेंबांगच्या एका शिबिरात शेवटच्या दिवशी सर्वांना गोलात बसवले होते. प्रत्येकाने उजवीकडच्या सहकाऱ्याचा एक दोष सांगायचा. मुदतीच्या करारावर असलेली एक तरुण मुलगी आणि तिच्या उजवीकडे विभागप्रमुख. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘बापाक फार काम करतात. रात्री उशिरापर्यंत बसतात. प्रकृतीची काळजी घेत नाहीत.’ टाळ्या पडल्या. पुस्तिकेनुसार ‘स्पष्टवक्तेपणा’ या रकान्यात पाचपैकी एक गुण.

आमच्या विद्यार्थ्याने काव्यशास्त्राचा पेपर आमच्याकडेच दिला होता. वाच्यार्थ होकाराचा आणि व्यंग्यार्थ नकाराचा असू शकतो, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात सोदाहरण दाखवले आहे. येथे वाच्यार्थ काळजीचा होता आणि व्यंग्यार्थ असा, की तुम्ही उठत नाही म्हणून आम्हांलाही घरी जाता येत नाही. संस्थेतील वरिष्ठांनी मात्र ती खुशामत ठरवली. ‘असाल बापाक सनांग’, म्हणजे साहेब खूश तर सारे ठीक, असा वाक्प्रचार त्या भाषेतच आहे, हा त्यांचा पुरावा. तो खोटाही नाही. पण खुशामत आणि ध्वनी यांतला फरक सहृदयाला कळतो, आणि तो गोलातच बसला होता: त्या संध्याकाळचा कार्यक्रम विभागप्रमुखांनी आपण होऊन अर्धा तास आधी आवरता घेतला.

मुलीचा करार वर्षअखेर नूतनीकरणास येणार आणि गुणपत्रक कंपनीकडे जाणार. ‘सर, मॅडम, काय लिहू?’ असे त्याने विचारले, तेव्हा अभिप्रायात तिचे वाक्य जसेच्या तसे आणि साहेबांनी त्यावर काय केले तेही नोंदवावे, असे आम्ही सुचवले. त्याने ते केले. अप्रत्यक्ष बोलणे मोजायचे कसे, अशी पृच्छा पुण्याहून आली.

एरवी ही माणसे मोकळी होत नाहीत असे मुळीच नाही. १७ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लोगल्ली आणि कचेऱ्यांतही स्पर्धा होतात. दोऱ्याला टांगलेले ‘करुपुक’ म्हणजे कुरकुरीत पापड हात न लावता खायचे. शेजारीशेजारी व्यवस्थापक आणि ड्रायव्हर, दोघेही तोंड वर करून. तेल-ग्रीस फासलेल्या सुपारीच्या खांबावर दहीहंडीसारखे थर लावून चढतात, तेव्हा खालच्याच्या खांद्यावर, प्रसंगी डोक्यावरही पाय पडतो. कोणाला कोणाचा दोष सांगावा लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याने पुढच्या शिबिरात पापडांचा खेळ आधी घेतला आणि गोल शेवटी, अगदी थोडक्यात उरकला. रकाना अजून आहे. त्यात तो सध्या सर्वांना तीन गुण देतो.