श्रूजबरी : बिस्किटापलीकडचे गाव

पुण्याहून कोणी आप्त बेळगावास आले की त्यांच्या पिशवीतून श्रूजबेरी बिस्किटांचे खोके निघे. कँपातल्या कयानी बेकरीपुढे रांगेत उभे राहून ते कसे मिळवले, याची हकीकतही चहाबरोबर ऐकावी लागे. ‘श्रूजबेरी’ हे स्ट्रॉबेरीच्या कुळातले एखादे विलायती फळ असावे, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. ते इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव आहे हे फार उशिरा कळले. पुढे मुलाकडे बर्मिंगहॅमला राहणे झाले, तेव्हा तासाभराच्या आगगाडीने आम्ही उभयता ते गाव पाहून आलो.

गावाचे नाव श्रूजबरी की श्रोजबरी, याविषयी खुद्द गावकऱ्यांतच एकमत नाही. शेजारच्या वेल्श भाषेत तर त्याचे नावच निराळे, अमुइथिग. दोन भाषांच्या शिवेवरच्या गावाला दोन नावे असावीत, याचे आम्हां बेळगावकरांस नवल वाटण्याचे कारण नव्हते.

सेव्हर्न नदीने या गावाला जवळजवळ पुरता वेढा घातला आहे. जमिनीची एक अरुंद मान तेवढी मोकळी राहिली, आणि १०७० च्या सुमारास नॉर्मन सरदार रॉजर द मॉन्टगोमेरी याने नेमका तिच्यावरच किल्ला बांधला. पूर्वेकडचा पूल ‘इंग्लिश ब्रिज’, पश्चिमेकडचा ‘वेल्श ब्रिज’. वेल्सचा राजपुत्र दाविथ अप ग्रिफिथ याला १२८३ साली इंग्रज राजाने याच गावी देहान्त शासन दिले. अशा वैराच्या सीमेवर बाजार मात्र उत्तम भरतो. नदीने रक्षण केले तसे छळलेही. २००० सालच्या शरदातील पुरानंतर वेल्श पुलापलीकडच्या फ्रँकवेल भागात पूररोधक भिंती उभाराव्या लागल्या.

गावाची श्रीमंती लोकरी कापडाची, पण ते कापड गावात विणले जात नसे. वेल्सच्या डोंगरांतले विणकर जाडेभरडे कापड विणीत. श्रूजबरीचे कापडव्यापारी ते घेत, गावातल्या कारागिरांकडून त्याची लव उठवून कातरून घेत आणि लंडनला रवाना करीत. या व्यापाऱ्यांच्या संघाला १४६२ साली राजाची सनद मिळाली. पूर्वी खरेदीसाठी त्यांना वेल्सच्या हद्दीजवळील ऑस्वेस्ट्रीच्या बाजारी जावे लागे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी तो बाजारच आपल्या गावी ओढून आणला. आठवड्याचा बाजार एका गावचा दुसऱ्या गावी हलवणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत आम्ही जवळून पाहिले आहे. कागदावर एका ओळीचा हुकूम असतो. पायपीट मात्र माल विकणाऱ्याची वाढते. येथे विकणारा वेल्श बोलणारा आणि घेणारा इंग्रजी; भाव कोणाच्या भाषेत ठरत असेल, हे सांगावयास नको.

त्या पैशांतून उभी राहिलेली काळ्या तुळयांची, पांढऱ्या भिंतींची लाकडी घरे आजही रस्त्यावर झुकून उभी आहेत. चौकात १५९६ सालची दगडी बाजार-इमारत आहे. खाली धान्य विकले जाई, वर कापड. आता वर चित्रपट दाखवतात. ज्याच्या कापडावर हे सारे उभे राहिले, त्या विणकराची खूण आम्हांला कोठे दिसली नाही. आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साडीवर तरी विणणाऱ्याचे नाव कोठे असते?

पुतळा आहे तो मात्र क्लाइव्हचा. त्याच चौकात, १८६० पासून. तो या गावाचा खासदार होता आणि १७६२ साली महापौर झाला. इंग्रजांना तो प्लासीसाठी आठवतो; आम्हांला आठवला तो विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज यांनी तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला घेतला, आंग्र्यांची गलबते जळाली, आणि या मोहिमेत खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. त्या पुतळ्यापुढे उभे राहून रागवावे तर कोणावर, हे आम्हांला ठरवता येईना. पुढे २०२० साली तो हलवावा म्हणून लोकांनी अर्ज केले. कौन्सिलने तो ठेवण्याचे ठरवले.

चार्ल्स डार्विन १८०९ मध्ये येथेच जन्मला. त्याच्या जुन्या शाळेत आता ग्रंथालय आहे आणि दाराशी तो खुर्चीत बसलेला आहे. आम्हांला अधिक ओढ होती ती गावाबाहेरच्या तागाच्या गिरणीची. हा ताग म्हणजे आपला गोणपाटाचा नव्हे, जवसाच्या झाडाचा. चार्ल्स बेज याने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया वापरून ती पुरी केली. लाकडी तुळयांच्या गिरण्या आगीत भस्म होत, म्हणून ही युक्ती. जगातल्या गगनचुंबी इमारतींची ही पणजी. १८८६ मध्ये ती बंद पडली, मग १९८७ पर्यंत तेथे बियरसाठी धान्य भिजवीत. २०२२ पासून ती लोकांना पाहण्यास खुली आहे. मोठे कारखाने पुढे इतर शहरांत गेले. आमच्या मते ती जुनी घरे वाचली ती म्हणूनच.

असो. बिस्किटाचा शोध अखेर लागला. कॅसल स्ट्रीटवरील एक पाटी सांगते की पेलिन नावाच्या माणसाने १७६० मध्ये येथे श्रूजबरी केक केला. हे नाव मात्र त्याच्याही पूर्वीपासून चालत आलेले. आम्हांला मिळाले ते शहाजिरे घातलेले, पातळ आणि कडक. स्टेशनचे फलाट काही अंतर थेट नदीवरच बांधलेले आहेत. तेथे बाकावर बसून आम्ही पुडा उघडला. सौभाग्यवतींनी अर्धे बिस्किट सावकाश खाल्ले आणि म्हणाल्या, “आपल्या पुण्याचं बरं आहे हो.” उरलेला अर्धा तुकडा त्यांनी आमच्या हातावर ठेवला, तोच बर्मिंगहॅमची गाडी आली.